एसडीएसमध्ये ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिलंय. रसायनाचा जलचरांना धोका आहे की नाही, कसं ठरवू?

प्रश्न थोडक्यात असा. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात केमिस्ट असलेल्या ताई विचारतात: यंत्रांचे सुटे भाग धुवायला पुरवठादाराने नवं क्लीनर आणून दिलंय. जुन्यापेक्षा स्वस्त, वास कमी, कॅनवर हिरवं पान. एसडीएसच्या (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) दुसऱ्या सेक्शनमध्ये ‘घातक नाही’ आणि बाराव्यात ‘जलचरांवरील परिणाम: माहिती उपलब्ध नाही. उत्पादन बायोडिग्रेडेबल आहे’ एवढंच. धुण्याचं पाणी ईटीपीतून (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून) सीईटीपीला (वसाहतीच्या सामायिक केंद्राला) जातं, पण ड्रम ठेवायच्या आवारातलं पावसाचं पाणी मागच्या नाल्यात उतरतं. मॅनेजर सही मागतायत. काय करू?

ताई, आज सही करू नका आणि नाहीही म्हणू नका. पुरवठादाराकडून घटक कळले की पुढचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. नागपुरात वीसेक वर्षं सांडपाणी तपासण्यात आणि काचेच्या टाकीतले मासे मोजण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणजे त्या मिश्रणावर कोणी चाचणी केलेली नाही, इतकंच. छोटा पुरवठादार तो खर्च करत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. घटकांवरून मिश्रणाचं वर्गीकरण करायची सोय जीएचएस या रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत आहेच. तक्रार आहे ती दुसऱ्या सेक्शनबद्दल. बारावा रिकामा ठेवणाऱ्याने दुसऱ्यात ‘घातक नाही’ कशाच्या जोरावर छापलं? मी एसडीएस नेहमी उलटा वाचतो: आधी बारावा, मग तिसरा (घटक), मग नववा (भौतिक गुणधर्म) आणि शेवटी दुसरा.

घटक मिळवायला ईमेल करू नका, फोन करा. ‘कंपोझिशन द्या’ म्हटलं की ‘ट्रेड सिक्रेट’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी थेट विचारा: यात एनपी ९.५ (नॉनिल फिनॉल इथॉक्सिलेट, मळ काढणारं सर्फॅक्टंट) आहे का? बीकेसी (बेन्झाल्कोनियम क्लोराइड, जंतुनाशक) टाकता का? ॲसिड स्लरी (डिटर्जंटमधलं नेहमीचं सर्फॅक्टंट) आहे का? धंद्यातल्या नावाने विचारलं की समोरचा धंद्यातल्या भाषेत उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे. मग कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) आणि टक्केवारीची रेंज लेखी मागा. कॅस नंबर हवाच, कारण नावं दहा असतात, नंबर फसवत नाही. नॉनिल फिनॉल इथॉक्सिलेट कुठल्याही नावाने आलं तरी बहुतेक वेळा ९०१६-४५-९ हाच नंबर पुढे येतो.

समजा उत्तर आलं: एनपी ९.५ दहा टक्के, बीकेसी तीन टक्के, ईडीटीए दोन टक्के, बाकी पाणी. तुमच्या कॅनमध्ये हेच असेल असं नाही, पण अशा क्लीनरमध्ये हे घटक नवलाचे नाहीत, म्हणून हिशोबाला हेच घेऊ.

आता प्रत्येक घटकासाठी तीन आकडे शोधायचे. माशांसाठी ९६ तासांचा एलसी५०, म्हणजे ज्या तीव्रतेला निम्मे मासे मरतात ती. डाफ्निया म्हणजे पाणपिसूसाठी ४८ तासांचा ईसी५०. आणि शेवाळासाठी ७२ तासांत वाढ निम्म्याने रोखणारी तीव्रता. खाणारा, खाल्ला जाणारा आणि उन्हावर अन्न तयार करणारा असे तिन्ही थर यात येतात. तिघांची सरासरी काढायची नाही. सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. तो लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर अॅक्यूट कॅटेगरी १, दहापर्यंत कॅटेगरी २, शंभरपर्यंत ३. अॅक्यूट म्हणजे थोड्या वेळात दिसणारा विषारीपणा. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. हे सांगायला नको, पण मोठा आकडा पाहून घाबरलेले आणि लहान पाहून निवांत झालेले इंजिनिअर मी पाहिलेत.

बीकेसी डाफ्नियाला लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास पांगळं करतं. पांगळं हा शब्द मुद्दाम वापरला. पाणपिसू मेली की जिवंत आहे हे डोळ्यांनी सांगणं अवघड, म्हणून चाचणीत भांडं हलक्या हाताने हलवतात आणि १५ सेकंद बघतात. तेवढ्यात जी पोहली नाही, ती मोजायची. एका तीव्रतेला वीस पिल्लं, प्रत्येक २४ तासांपेक्षा कमी वयाचं. प्रकाशाच्या टेबलावर वाकून ती मोजताना मान धरते, पण एकदा डोळा बसला की विष चढतंय हे आकड्याच्या आधी दिसतं. पिल्लं तळाशी गोल गोल फिरू लागतात.

०.०१ ते ०.१ च्या दरम्यान आकडा असला की जीएचएसमध्ये त्या घटकाला १० चा एम-फॅक्टर लागतो. मिश्रणाची बेरीज करताना त्या घटकाची टक्केवारी दहापट धरायची. तुमच्या कॅनमधलं ३ टक्के बीकेसी हिशोबात ३० टक्के झालं. मर्यादा २५ टक्क्यांची. म्हणजे अख्खा कॅन अॅक्यूट कॅटेगरी १, एच४०० (म्हणजे ‘जलचरांना अत्यंत विषारी’), मेलेला मासा आणि वठलेलं झाड असलेलं चित्र. दीर्घकालीन धोक्याची बेरीज वेगळी करायची. तिथे बीकेसीचा एम १ धरतात, त्यामुळे कॅटेगरी १ ची मर्यादा गाठली जात नाही. पण कॅटेगरी २ साठी पहिल्या कॅटेगरीचे घटक पुन्हा दहाने गुणायचे असतात: बीकेसीचे ३ गुणिले १० म्हणजे ३०, अधिक एनपी ९.५ चे १०, कारण त्याला बऱ्याच एसडीएसमध्ये एच४११ (दीर्घकालीन कॅटेगरी २) दिलेलं असतं. झाले ४०. म्हणजे एच४११ सुद्धा. कॅनवरच्या हिरव्या पानाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

हे झालं वर्गीकरण, म्हणजे रसायनाचा स्वभाव. पण बीकेसीपेक्षा मला एनपीची चिंता जास्त आहे, आणि ती अॅक्यूट आकड्यात दिसत नाही.

पुरवठादार ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणतो तेव्हा विचारा, कुठल्या पद्धतीने? ‘सहज विघटनशील’ म्हणायला २८ दिवसांच्या चाचणीत सैद्धांतिक ऑक्सिजन मागणीच्या ६० टक्के किंवा विरघळलेल्या कार्बनच्या ७० टक्के पल्ला गाठावा लागतो, आणि विघटन १० टक्क्यांवर पोचल्यापासून दहा दिवसांच्या आत. नॉनिल फिनॉल इथॉक्सिलेटची लांब शेपटी जिवाणू भराभर कुरतडतात. फेस जातो, सर्फॅक्टंटची चाचणी निल येते, सगळे खूश. पण शेपटी गेल्यावर खाली राहतं नॉनिल फिनॉल. ते मूळ पदार्थापेक्षा जास्त विषारी, पाण्यात कमी विरघळणारं, चरबीत आणि गाळात जाऊन बसणारं. माशाच्या शरीरात ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. नराच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागतं. ९६ तासांत एकही मासा मरत नाही, आणि चार वर्षांनी तलावात पिल्लं का कमी झाली ते कोणाला कळत नाही. युरोपने २००३ साली निर्देश काढून २००५ पासून बहुतेक क्लीनरमध्ये ०.१ टक्क्याच्या वर याला मनाई केली. तिथल्या नद्यांसाठी नॉनिल फिनॉलची वार्षिक सरासरी मर्यादा लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम आहे. मिलिग्रॅम नव्हे. तुमच्या हिशोबातल्या कॅनमध्ये दहा टक्के इथॉक्सिलेट आहे.

लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेट हा पर्याय अॅक्यूट विषारीपणात काही साधुसंत नाही. त्याचाही आकडा लिटरला काही मिलिग्रॅमच्या घरात येतो. पण ते पूर्ण विघटित होतं आणि मागे असलं काही ठेवत नाही. ॲसिड स्लरीचंही तसंच: हवा मिळाली तर जिवाणू ती संपवतात, हवा नसलेल्या गाळात मात्र ती तशीच पडून राहते. ईडीटीए माशांना फारसं विषारी नाही, पण धातूंना घट्ट धरून ठेवतं. तुमच्याकडे प्लेटिंगचं पाणी त्याच ईटीपीत येत असेल तर चुना टाकूनही जस्त आणि निकेल खाली बसणार नाहीत, आणि दोष ऑपरेटरवर येईल.

आता तुमचा नाला. इथे पुस्तकातले आकडे विदर्भात आणायचे असतात, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. ‘पाण्यात मिसळून पातळ होईल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! साधा हिशोब करा. एक किलो क्लीनर सांडलं तर त्यात ३० ग्रॅम बीकेसी. ते लिटरला ०.०२ मिलिग्रॅमवर आणायला १५ लाख लिटर पाणी लागतं, दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. तेही कुठपर्यंत, तर निम्म्या पाणपिस्वा पांगळ्या होतील एवढ्या पातळीपर्यंत. हातात फक्त तीन अॅक्यूट आकडे असतील तर सुरक्षित पातळी काढायला सगळ्यात लहान आकडा १००० ने भागायचा संकेत आहे. मग टँकर मोजणं सोडून द्यावं लागतं. खरं तर बीकेसी चिखलाला आणि सेंद्रिय घाणीला चिकटतं, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं वाईट होत नाही. पण मे महिन्यात तुमच्या मागच्या नाल्यात पातळ करायला पाणी कुठलं? जे वाहतं ते कोणाचं तरी सांडपाणीच असतं. नागपुरातली नाग नदी उन्हाळ्यात बघा, तिच्यात जवळपास शहराचं सांडपाणीच वाहतं, आणि ते कन्हानमार्गे वैनगंगेला आणि गोसेखुर्दच्या जलाशयात जातं. तुमच्याकडचं वेणेला आणि पुढे वर्धेला.

आणि मग येतो मृगाचा पाऊस. आठ महिने ड्रमच्या आवारात जे थेंब थेंब सांडून वाळलंय ते पहिल्या दोन सरींत एकदम उतरतं. याच सरींना चढणीचे मासे नाल्याच्या तोंडाशी आलेले असतात, पोटात अंडी घेऊन. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं ही माशाच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक अवस्था. म्हणूनच दीर्घकालीन चाचण्या त्यांच्यावर घेतात. वर्षातला सगळ्यात विषारी लोंढा आणि सगळ्यात नाजूक जीव एकाच आठवड्यात एकाच जागी येतात. तुमच्या प्रश्नात ईटीपीपेक्षा ते आवार मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते यासाठी.

आकडे वाचताना काही खाचखळगे आहेत. चाचणीचं पाणी डाफ्नियासाठी २० अंशांच्या आसपास असतं, आपल्या नाल्याचं मे महिन्यात तिशीच्या वर. पाणी ३५ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन जेमतेम ७ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९ मावायचा. श्वास वाढलेला, हवा कमी, वर विष. दुसरं, ‘एलसी५० शंभरपेक्षा जास्त’ असं छान वाक्य दिसलं की नवव्या सेक्शनमध्ये विद्राव्यता बघा. पाण्यात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा न विरघळणाऱ्या तेलकट पदार्थासाठी त्या आकड्याला काही अर्थ नाही. मासे स्वच्छ पाण्यात पोहत होते आणि पदार्थ वर तरंगत होता. तीव्रता मोजलेली आहे की नुसती टाकलेली, हेही विचारा.

तिसरं सगळ्यात फसवं. एका जिवाला न लागणारं विष दुसऱ्याला लागतं. आपल्याकडे कपाशीवर वापरतात ते इमिडाक्लोप्रिड घ्या. डाफ्नियासाठी त्याचा ईसी५० लिटरला ८५ मिलिग्रॅम. कागदावर सौम्य. पण ज्या चिलटांच्या लालसर अळ्या माशांची पिल्लं खातात त्यांच्यासाठी तोच आकडा ०.१ च्या आत आहे. हजारपटीच्या आसपास फरक. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक असलं काही असेल तर ते कोणाला मारायला बनवलंय ते आधी विचारा आणि त्याच्या नातेवाइकाचा आकडा शोधा. आपल्या संत्रा बागांतलं बोर्डो मिश्रण सगळ्यांना साधं वाटतं, पण त्यातलं मोरचूद एच४१० (दीर्घकालीन कॅटेगरी १) आहे.

आता ईटीपी. बीकेसी जंतू मारायला बनवलंय आणि तुमच्या एअरेशन टाकीत काम करतात तेही जंतूच. एका कारखान्याच्या आउटलेटचा नमुना माझ्याकडे आला होता. सीओडी, बीओडी (पाण्यातल्या घाणीची मापं), तेल, सगळं मर्यादेत. नियम असा की सांडपाणी जसंच्या तसं घेऊन त्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. माझे दुसऱ्या सकाळपर्यंत सगळे उलटे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रसायन शोधत बसलो आणि उत्तर नाकाखाली होतं. अमोनिया नायट्रोजन लिटरला ४० मिलिग्रॅम होता, मर्यादा ५०. नमुना आला तेव्हा पीएच ७.६. टाकीत हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो, संध्याकाळी ८.५ होता. ७.६ ला त्या ४० पैकी मुक्त अमोनिया एक मिलिग्रॅमही नसतो, ८.५ ला सहा होतो, आणि माशाला मारतो तो हाच. पाणी ३५ अंशांचं असतं तर दहा झाला असता. मग मागे मागे जाऊन कळलं की महिन्याभरापूर्वी फरशी पुसायला क्वाटवालं, म्हणजे बीकेसीच्याच जातीचं, जंतुनाशक सुरू केलं होतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सगळ्यात लाजाळू, तेच आधी गेले. आउटलेटला बीकेसीचा मागमूस नव्हता, पण मासे त्याच्यामुळेच मेले.

आपल्या मानकांतली एक विसंगती यानिमित्ताने. सोडायच्या पाण्यात मुक्त अमोनिया ५ पर्यंत चालतो, आणि मासे जगावेत अशा ‘ड’ वर्गाच्या नदीत तो १.२ च्या वर नको. मधला फरक नदीने पातळ करावा ही अपेक्षा. नदीत पाणी असेल तेव्हा ठीक.

नाल्यात किंवा तलावात मासे मेलेले दिसले तर विषावर उडी मारायच्या आधी वेळ बघा. पहाटे मेले असतील तर बहुधा ऑक्सिजन संपला. शेवाळ आणि जलपर्णीने भरलेल्या पाण्यात रात्रभर तो ओढला जातो आणि उजाडायच्या आधी तळ गाठतो. भंडाऱ्याकडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर नमुने घेताना एका म्हाताऱ्या ढिवर मासेमाराने मला जे सांगितलं ते कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळालं नाही: “मरळ मेली का पाहा ना जी पहिले. रोहू-कतला मेले तं पाण्यात दम नव्हता. मरळ मेली तं पाण्यात काहीतरी आहे.” मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेतात, त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला तरी तगतात. तेव्हापासून मेलेल्या माशांची यादी करताना मी जात आधी लिहितो आणि संख्या नंतर.

तर तुम्ही काय करायचं. एनपी निघालं तर ते बदलून मागा. अल्कोहोल इथॉक्सिलेटवर तेच क्लीनर बनवून देणारे आहेत, थोडं महाग पडेल. बीकेसी निघालं तर विचारा की सुटे भाग धुवायला जंतुनाशक कशाला? बहुतेक वेळा टाकी आठवडाभर न बदलता वापरावी आणि वास येऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. टाकी आठवड्यातून दोनदा बदललीत तर त्याची गरज नाही. पुरवठादाराने ‘एनपी नाही, क्वाट नाही’ हे लेटरहेडवर लिहून दिलं की ट्रायल घ्या. ट्रायलच्या आधी ईटीपी आउटलेटची माशांवरची चाचणी एकदा, आणि क्लीनर सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा. तीन आठवडे यासाठी की एअरेशन टाकीतले जिवाणू बदलायला वेळ लागतो, पहिल्या आठवड्याचा निकाल खोटा चांगला येतो. दोन्ही वेळा अमोनिया आणि पीएच माशांच्या टाकीतच मोजायला सांगा, चाचणी सुरू होताना आणि संपताना.

आणि ड्रमच्या आवारावर पत्रे, भोवती वीतभर उंच कट्टा, नाल्याकडच्या ड्रेनला व्हॉल्व्ह, तोही एरवी बंद. हे क्लीनर कुठलंही आलं तरी करायचंच आहे, आणि मृगाच्या आधी. घटक आणि टक्केवारी मिळाली की मला कळवा, बेरीज दोघं मिळून करू.